बाहेरून हिरवं, आतून लाल

दर शुक्रवारी दुपारी चार वाजता स्टेटस रिपोर्ट जायचा. माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात आयुष्य काढलेल्यांना हा कागद समजावून सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. एक्सेलमधला एक तक्ता असतो. डावीकडे कामांची यादी, उजवीकडे प्रत्येक कामापुढे एक रंगीत चौकोन. काम वेळेवर चाललं असेल तर हिरवा, थोडी काळजी असेल तर पिवळा, अडलं असेल तर लाल. हा तक्ता टीम लीडकडून मॅनेजरकडे, मॅनेजरकडून डिलिव्हरी हेडकडे आणि तिथून सातासमुद्रापार ग्राहकाकडे जातो. प्रत्येक पायरीवर रंग जरा बदलतो. लीडचा लाल मॅनेजरकडे येईपर्यंत पिवळा झालेला असतो, मॅनेजरचा पिवळा वर पोचतो तो हिरवा होऊन. यात कुणी धडधडीत खोटं बोलत नाही. प्रत्येक जण आपल्या पदरची थोडी आशा त्यात मिसळतो, इतकंच. अशा प्रकल्पाला आमच्या धंद्यात 'कलिंगड' म्हणतात.

मी १९८७ साली पुण्यात कोबॉल लिहायला लागलो, १९९९ मध्ये मॅनेजर झालो आणि २०१९ मध्ये निवृत्त झालो. म्हणजे वीस वर्षं मी असे तक्ते तपासले, रंगवले आणि पुढे पाठवले. निवृत्तीनंतर वेळ हाताशी होता म्हणून आमच्या कामाबद्दल इतरांनी काय लिहून ठेवलंय ते वाचत गेलो. व्यवस्थापन-कौशल्यांवरच्या पुस्तकांत नियोजन, अंदाजपत्रक, वाटाघाटी, वेळेचं व्यवस्थापन अशी लांबलचक यादी असते. त्यातली बरीचशी कौशल्यं चार दिवसांच्या प्रशिक्षणात येतात, मलाही आली. हा लेख एका अशा कौशल्याबद्दल आहे, जे मला आलं नव्हतं आणि ज्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली.

२००५ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीची जुनी मेनफ्रेमवरची प्रणाली नव्या तंत्रज्ञानात आणायचं काम आमच्याकडे होतं. चौदा जणांची टीम. तारीख विक्री विभागाने आधीच कबूल केलेली, नेहमीप्रमाणे. टीममध्ये सोलापूरहून आलेली, दोन वर्षांचा अनुभव असलेली एक मुलगी होती. कंपनीत सगळ्यांनी सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारायची असा दंडक होता, पण तिला ते कधी जमलं नाही. ती मला 'सर' म्हणायची. जुन्या आणि नव्या प्रणालीतून निघालेले विम्याचे हप्ते ताडून बघायचं काम तिच्याकडे होतं. एक दिवस ती माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "सर, काही पॉलिसींचे आकडे जुळत नाहीयेत. सहाएकशे तरी असतील." मी मान वर न करता म्हटलं, "अगं, प्रश्न घेऊन येऊ नकोस. उत्तर घेऊन ये."

हे वाक्य मी एका प्रशिक्षणात शिकलो होतो. तेव्हा ते फार कार्यक्षम वाटायचं.

पुढे काय झालं ते सांगण्याआधी थोडं मागे जावं लागेल, कारण ही माझ्या एकट्याची फजिती नव्हे.

ऑक्टोबर १९६८ मध्ये तेव्हाच्या पश्चिम जर्मनीतल्या गार्मिश या गावी नाटोच्या पुढाकाराने एक परिषद भरली. अकरा देशांतले पन्नासएक तज्ज्ञ जमले होते. संगणक वेगाने स्वस्त आणि ताकदवान होत होते, पण त्यांवर चालणारी मोठी सॉफ्टवेअर्स वेळेत पुरी होत नव्हती, खर्च हाताबाहेर जात होता आणि शेवटी हाती येई त्यावर विसंबता येत नव्हतं. 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हा शब्दप्रयोग या परिषदेमुळे रूढ झाला. पूल बांधणाऱ्यांसारखी शिस्त आपल्यातही यावी, ही त्या नावामागची इच्छा होती.

त्या काळातला सर्वांत गाजलेला उशीर आयबीएमचा. 'सिस्टीम ३६०' ही संगणकांची मालिका कंपनीने एप्रिल १९६४ मध्ये जाहीर केली. तिच्यासाठी लागणारी ओएस-३६० ही संचालन प्रणाली मात्र रखडली. एका टप्प्यावर हजाराहून अधिक माणसं तिच्यावर काम करत होती, तरी ती उशिराच आली आणि चुकांसकट आली. तिचे व्यवस्थापक होते फ्रेडरिक ब्रूक्स. ते आयबीएम सोडून नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात संगणकशास्त्राचा विभाग उभा करायला निघाले, तेव्हा कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन धाकटे यांनी त्यांना विचारलं की, यंत्र बनवण्यापेक्षा प्रोग्रॅम बनवण्याचं व्यवस्थापन इतकं अवघड का असतं? ब्रूक्स यांना त्याचं उत्तर द्यायला दहा वर्षं लागली. ते उत्तर म्हणजे १९७५ साली आलेलं 'द मिथिकल मॅन-मंथ' हे छोटेखानी पुस्तक. पन्नास वर्षं होऊन गेली तरी ते छापलं जातंय.

त्यातला सर्वांत प्रसिद्ध सिद्धान्त असा की, उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली तर उशीर आणखी वाढतो. ब्रूक्स स्वतःच सांगतात की हे विधान अतिसुलभ आहे. पण त्यामागचं गणित समजण्यासारखं आहे. काही कामं वाटून घेता येतात, काही येत नाहीत. पंगतीत वाढपी दुप्पट केले तर वाढणं निम्म्या वेळात उरकतं. पण चुलीभोवती चार आचारी उभे केले म्हणून पुरणाची डाळ लवकर शिजत नाही. सॉफ्टवेअरमध्ये याहून वाईट होतं. इथे प्रत्येकाचं काम दुसऱ्याच्या कामाला चिकटलेलं असतं, म्हणून प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलावं लागतं. पाच माणसांत बोलणाऱ्यांच्या जोड्या दहा होतात, दहा माणसांत पंचेचाळीस. आमच्या चौदा जणांत एक्याण्णव होत्या. तारीख जवळ आल्यावर वरून सहा माणसं आणखी मिळाली आणि मला कोण आनंद झाला! वीस माणसांत जोड्या होतात एकशेनव्वद. शिवाय नव्या सहांना शिकवायला जुन्यांपैकी जे चार जण सगळ्यात तयार होते, तेच गुंतले. त्या चारांत सोलापूरची ती मुलगीही होती. आकडे ताडायचं तिचं काम मागे पडलं. मी तक्त्यात 'मनुष्यबळ वाढवले' असं लिहून चौकोन हिरवा केला.

पण मला ब्रूक्स यांचं दुसरं एक म्हणणं जास्त महत्त्वाचं वाटतं. १९८६ सालच्या एका निबंधात त्यांनी सॉफ्टवेअरच्या अंगभूत अडचणी सांगितल्या. त्यातली एक म्हणजे अदृश्यता. पूल अर्धा झाला असेल तर रस्त्याने जाणाऱ्यालाही दिसतं. घराचा स्लॅब पडला की नाही हे मालक स्वतः जाऊन बघू शकतो. सॉफ्टवेअर अर्धं झालंय की पाव, हे पडद्याकडे बघून कळत नाही. बटणं दिसतात, ती दाबली की काहीतरी होतंही. आतलं काम झालं आहे की नाही हे फक्त ते करणाऱ्यालाच ठाऊक असतं, आणि पुष्कळदा त्यालाही नसतं. प्रोग्रॅमरला विचारलं तर तो प्रामाणिकपणे सांगतो, 'नव्वद टक्के झालंय.' पुढच्या आठवड्यातही नव्वद टक्के झालेलं असतं.

यातून जे निघतं ते माझ्या मते आमच्या व्यवसायातल्या व्यवस्थापनाचं मूळ आहे. काम डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ते कुठवर आलंय हे कळायचं एकच साधन उरतं, ते म्हणजे करणाऱ्याने सांगणं. मुकादमाला डोळे असतात, आयटी मॅनेजरला फक्त कान असतात. आणि लोक आपल्याला काय सांगतात हे त्यांना आपली किती भीती वाटते यावर ठरतं. म्हणून टीमशी मोकळेपणाने वागणं हा केवळ स्वभावाचा चांगुलपणा नव्हे. डॉक्टरचा स्टेथोस्कोप तसं ते आमचं उपकरण आहे. ते बिघडलं तर बाकी सगळी कौशल्यं आंधळी होतात.

हे उपकरण न तपासताच माणसाला मॅनेजर करायची आमच्याकडे रीत आहे. टीममध्ये जो सगळ्यात चांगला प्रोग्रॅमर, त्याला बढती. माझंही तसंच झालं. दोन हजार सालच्या तारखांचा प्रश्न सोडवायला कोबॉलवाल्यांना अचानक भाव आला होता, मी अमेरिकेत दीड वर्ष चांगलं काम केलं आणि परत आल्यावर माझ्या हाताखाली नऊ माणसं दिली गेली. एका रात्रीत मी एक चांगला प्रोग्रॅमर गमावला आणि कंपनीला एक कच्चा मॅनेजर मिळाला. आपल्याकडे वीस-बावीस हजार माणसांच्या कंपन्या दहा-बारा वर्षांत उभ्या राहिल्या. शिकवायला वेळ कुणाला होता? कॅम्पसमधून आलेला मुलगा पाचव्या वर्षी लीड आणि आठव्या वर्षी मॅनेजर. घरीही तीच अपेक्षा असते. 'अजून कोडच लिहितोस?' हा प्रश्न पुण्यातल्या कितीतरी लग्नाळू मुलांना विचारला गेला असेल.

व्यवस्थापकांची गरजच काय, हा प्रश्न गूगलच्या संस्थापकांनी २००२ साली खरोखरच विचारला आणि अभियंत्यांवरचे मॅनेजर काढून टाकून पाहिले. तो प्रयोग काही महिनेच टिकला, कारण खर्चाच्या पावत्यांपासून आपसांतल्या भांडणांपर्यंत सगळं थेट लॅरी पेज यांच्या दारात येऊ लागलं. पुढे २००८-०९ च्या सुमारास त्याच कंपनीने उलट बाजूने अभ्यास केला. चांगल्या आणि सुमार मॅनेजरांची मूल्यमापनं, कर्मचाऱ्यांची मतं, मुलाखती असा प्रचंड मजकूर चाळून चांगला मॅनेजर काय करतो याच्या आठ गोष्टी काढल्या. पहिल्या क्रमांकावर होतं माणसांना घडवणं. त्यानंतर त्यांना मोकळीक देणं, त्यांच्या भल्याची काळजी घेणं, त्यांचं ऐकणं अशा गोष्टी. टीमला सल्ला देता येईल इतकं तांत्रिक ज्ञान असणं हे आठव्या क्रमांकावर होतं. अभियंत्यांनी चालवलेल्या कंपनीला हे अनपेक्षित होतं.

आठवा क्रमांक म्हणजे तांत्रिक ज्ञान नकोच, असा अर्थ मात्र काही जण काढतात, तो चूक आहे. आठांच्या यादीत ते आहेच. माझ्या गोष्टीत तर तेच कळीचं होतं. ते न जुळणारे आकडे का जुळत नव्हते? कोबॉलमध्ये गुणाकार-भागाकार केल्यावर उत्तर ठेवायच्या जागेत दशांशाची जितकी घरं असतील तितकीच ठेवली जातात, उरलेले अंक सरळ कापले जातात. पूर्णांकन हवं असेल तर तसं वेगळं लिहावं लागतं. जुन्या प्रणालीत ते लिहिलेलं नव्हतं. म्हणजे १.३७८ हा गुणक दोनच घरांत ठेवला की १.३७ व्हायचा. नव्या प्रणालीत तो पूर्ण राहायचा. हजार डॉलरच्या हप्त्यावर आठ डॉलरचा फरक. बहुतेक पॉलिसींचे गुणक दोन घरांत बसणारे होते, त्यामुळे त्या जुळत. ज्यांना जोडकलमं होती त्यांचे गुणक लांब व्हायचे आणि त्या जुळत नव्हत्या. अमेरिकेत विमा कंपन्यांना आपले दर राज्याच्या विमा खात्याकडे नोंदवावे लागतात. नोंदवलेल्या दराहून आठ डॉलर जास्त घेणं ही तिथे किरकोळ बाब नसते.

बारा वर्षं मी कोबॉल लिहिलं होतं. त्या मुलीने आणलेला कागद अर्धा तास बघितला असता तर मला कारण कळलं असतं. तिला कळायचं काही कारण नव्हतं. तिने कोबॉल शिकलेलंच नव्हतं. मी तिला सांगितलं की उत्तर घेऊन ये, आणि ते उत्तर त्या मजल्यावर फक्त माझ्याकडे होतं.

प्रणाली सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात ग्राहकांकडे चुकीच्या हप्त्यांची पत्रं गेली. चौथ्या आठवड्यात आमच्यावर जुनी प्रणाली पुन्हा चालू करायची वेळ आली, आणि वर्षाच्या आत ते काम आमच्या हातून गेलं.

मोठ्या प्रकल्पांची पडझड वाचताना मला सारखं हेच दिसतं: बातमी कुठेतरी होती. अमेरिकी सरकारचं आरोग्य विम्याचं संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झालं. लाखो लोक आले आणि पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली ती सहा जणांची. पन्नासाहून अधिक ठेकेदार त्यावर काम करत होते. त्याच वर्षी वसंतात मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने प्रकल्पातल्या धोक्यांचा अहवाल दिला होता आणि तो वरिष्ठांपुढे मांडलाही गेला होता. तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने नंतर संसदेच्या समितीपुढे सांगितलं की, तो अहवाल त्यांना दाखवलाच गेला नव्हता. म्हणजे बातमी वर गेली आणि ज्याने दुरुस्ती करायची त्याच्यापर्यंत खाली आलीच नाही. बातमी फक्त खालून वर जाताना अडते असं नाही.

त्या संकेतस्थळाची सुटका कशी झाली ते अधिक शिकण्यासारखं आहे. गूगलमधून आलेले मायकी डिकरसन यांनी रोज सकाळी आणि संध्याकाळी उभ्याने बैठक घ्यायला सुरुवात केली आणि भिंतीवर नियम लावले. इथे प्रश्न सोडवायचे, दोष द्यायला बाहेर पुष्कळ जागा आहेत. बोलायचं त्याने ज्याला त्या गोष्टीचं सर्वांत जास्त माहीत आहे, ज्याचा हुद्दा सर्वांत मोठा त्याने नव्हे. आणि पुढच्या एक-दोन दिवसांत जे नुकसान करणार आहे त्याकडेच आधी बघायचं. यात संगणकशास्त्र कुठेच नाही. दोन महिन्यांत संकेतस्थळ बहुतेकांसाठी चालू लागलं.

न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात काम करणाऱ्या नाइट कॅपिटल या कंपनीत १ ऑगस्ट २०१२ रोजी जे झालं, तिथे तर बातमी लेखी आली होती. आठ सर्व्हरवर नवा प्रोग्रॅम चढवायचा होता, एक राहून गेला. त्यावर वर्षानुवर्षं वापरात नसलेला जुना प्रोग्रॅम जागा झाला आणि पाऊण तासात कंपनीने ४६ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गमावली. बाजार उघडण्याआधी त्या चुकीकडे बोट दाखवणारे ९७ ई-मेल यंत्रणेने आपोआप पाठवले होते. पण ते धोक्याची घंटा म्हणून तयार केलेले नव्हते आणि ते वाचण्याची पद्धत नव्हती. नोंद झाली म्हणजे कुणाला तरी कळलं, असं आपण किती सहज धरून चालतो!

आता याची जबाबदारी थेट व्यक्तीवरही येऊ लागली आहे. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारी आपली सगळी खाती नव्या प्रणालीवर नेली. लोकांना स्वतःची खाती उघडता येईनात, आणि सगळं सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला. चौकशीत निघालं की दोन डेटा सेंटरपैकी एकावरच भाराची चाचणी झाली होती. कामाची तयारी झाल्याबद्दल पुरवठादार कंपनीने दिलेलं पत्रही तयारी झाली असं नव्हे, तर 'होईल अशी अपेक्षा आहे' असं सांगणारं होतं. बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड झाला, आणि २०२३ मध्ये तिच्या तेव्हाच्या मुख्य माहिती अधिकाऱ्याला व्यक्तिशः ८१,६२० पौंडांचा. पुरवठादार तयार आहे याची पुरेशी खात्री त्यांनी करून घेतली नाही, हा त्यांच्यावरचा ठपका होता.

ते पत्र मला फार ओळखीचं वाटलं. आपल्याकडे ते पत्र तोंडी असतं. 'होऊन जाईल, सर.' मराठी माणसाच्या कार्यालयीन बोलीत नकाराचे जितके प्रकार आहेत तितके होकाराचेही नसतील. 'बघतो' म्हणजे बहुधा नाही. 'होऊन जाईल' म्हणजे कसं होईल ते मला माहीत नाही, पण तुमच्यापुढे तसं म्हणणं बरं दिसत नाही. 'तसं झालंय' म्हणजे झालेलं नाही. 'जरा टेस्टिंग बाकी आहे' म्हणजे सगळं टेस्टिंग बाकी आहे. मोठ्या माणसाच्या तोंडावर नाही म्हणू नये हे आपल्याला घरात शिकवतात, आणि ते संस्कार घेऊन आलेली मुलं हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत बसतात. तिकडे पलीकडच्या टोकाला असलेला ग्राहक 'आम्ही प्रयत्न करू' याचा अर्थ 'करू' असा घेतो. या दोन भाषांच्या मध्ये मॅनेजर बसलेला असतो. त्याला इंग्रजी यायला हवं असं सगळे म्हणतात. त्याला 'बघतो'चा अर्थ कळायला हवा असं कुणी म्हणत नाही.

याचा एक संशोधनाचा पायाही आहे. एमी एडमंडसन या नव्वदच्या दशकात हार्वर्डमध्ये पीएच.डी. करत असताना रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास करत होत्या. औषधं देण्यात होणाऱ्या चुका त्या मोजत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी होतील हा त्यांचा कयास. आकडे उलट आले. चांगल्या टीममध्ये चुका जास्त दिसत होत्या. खोलात गेल्यावर कळलं की चांगल्या टीम जास्त चुका करत नव्हत्या, त्या चुका सांगत होत्या. बाकीच्या ठिकाणी त्या लपवल्या जात होत्या. यातूनच 'मानसिक सुरक्षितता' ही कल्पना पुढे आली आणि १९९९ च्या शोधनिबंधात त्यांनी ती मांडली. तक्त्यात लाल चौकोन एकही नसलेली टीम बघितली की मला तो अभ्यास आठवतो.

आमच्याकडे कागदांची कमी होती म्हणून हे घडलं, असंही नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संस्थेने बनवलेली, पाच पातळ्यांची प्रक्रिया-परिपक्वतेची मोजपट्टी भारतीय कंपन्यांनी नव्वदच्या दशकात मनापासून उचलली. आमची कंपनी पाचव्या पातळीची होती, स्वागतकक्षात तसं प्रमाणपत्र लावलेलं होतं. या शिस्तीचा फायदा झाला, हे मान्य करायला हवं. परदेशी ग्राहकांचा विश्वास बसला तो त्यामुळेच. पण ताळमेळ तपासण्याचा फॉर्म भरला आहे का, हे लेखापरीक्षक बघायचे. त्या मुलीने तो भरला होता. 'तफावत : आहे. कळवले : मॅनेजर.' खाली तारीख. फॉर्म भरलेला असल्यामुळे त्या रकान्यात आम्हाला पूर्ण गुण मिळाले.

नंतरच्या वर्षांत मी काय बदललं? फार काही नाही. टक्के विचारणं बंद केलं; काम झालं किंवा नाही झालं, मधलं काही नाही. ही सूचना ब्रूक्स यांच्या पुस्तकातही आहे: टप्पे असे धारदार आखावेत की त्यांवर पोचल्याचा भास होऊ नये. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये मांडलेली एक पद्धतही उचलली. प्रकल्प सुरू होतानाच सगळ्यांना बसवायचं आणि सांगायचं, आपला प्रकल्प साफ बुडाला आहे असं समजा, आता का बुडाला ते लिहा. 'काही अडचण येईल का?' असं विचारलं तर कुणी बोलत नाही, कारण ते अपशकुनासारखं वाटतं. पण बुडालाच आहे म्हटल्यावर सर्वांत नवखा मुलगाही पानभर लिहितो. पहिल्यांदा हे केलं तेव्हा एकाने लिहिलं होतं, 'मॅनेजर सुट्टीवर गेले की निर्णय थांबतात.' कागदावर नाव नव्हतं. अक्षर मी ओळखलं आणि ओळखलं नाही असं दाखवलं. मला वाटतं, मॅनेजर म्हणून माझं ते पहिलं चांगलं काम.

आणि लाल चौकोन घेऊन येणाऱ्याला आधी बसायला सांगायचं. वाईट बातमी ऐकल्यावर पहिल्या दहा सेकंदांत आपला चेहरा जो होतो, तोच त्या टीममधला खरा नियम असतो. हँडबुकात काहीही लिहिलेलं असो.

राहिली ती मुलगी. प्रकल्प गेल्यावर चौकशी झाली. आकडे ताडायचं काम कुणाकडे होतं? तिच्याकडे. त्या वर्षीच्या मूल्यमापनात तिला खालची श्रेणी मिळाली. श्रेण्यांचा एक ठरावीक साचा असायचा, त्यात कुणाला तरी खाली बसवावंच लागे. 'वेळेवर पाठपुरावा केला नाही' असा शेरा होता आणि खाली सही माझी होती. चार महिन्यांनी तिने राजीनामा दिला. निरोप-समारंभात मी तिच्याबद्दल दोन चांगले शब्द बोललो. टाळ्या झाल्या.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा तिला विचारल्याशिवाय लिहू नये असं वाटलं. एका जुन्या सहकाऱ्याकडून नंबर मिळाला. ती आता दुसऱ्या शहरात आहे, तिच्या हाताखाली साठ माणसं आहेत. मी जे लिहिणार होतो ते तिला फोनवर वाचून दाखवलं, मूल्यमापनावरच्या सहीसकट. मध्ये ती एकदाही बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, "लिहा की, सर. माझी काही हरकत नाही. फक्त सहाएकशे नव्हत्या, सहाशे चाळीस होत्या." मी आकडा टिपून घेतला.

"आणि मी एकदा नाही, दोनदा सांगितलं होतं," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा लिफ्टमध्ये. तुम्ही 'बघतो' म्हणालात."

मला ते काही केल्या आठवत नाही.